साळिंदराच्या जागी कोकरू

एक्कावन्नाव्या पानाच्या कडेला रबरबँडनं पाडलेली खाच दीड मिलिमीटर खोल होती. मृणालीबाईंनी ती पारदर्शक पट्टीनं मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली, तेवढीच भरली. त्रेपन्नाव्या पानावर सव्वा, पंचावन्नाव्यावर जेमतेम एक, आणि एकसष्टाव्या पानाशी खाच संपत होती. जुना, पिवळा, ठिसूळ कागद. ओढून बांधला की कडेनं चिरणारच, त्यात आश्चर्य काही नव्हतं. तरी बाईंनी आकडे तारखेसकट वहीत उतरवून घेतले.

कुणाच्या तरी मुस्कटात द्यावी असं वाटलं, की मृणालीबाई काहीतरी मोजायला घेत. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासूनची सवय. आजवर त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. घरात वह्या मात्र पुष्कळ झाल्या होत्या.

पुस्तकाचं नाव ‘उलट्या विहिरीचा देश’. बाई दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढल्या. तिथल्या वाचनालयानं एकदा फाटकी पुस्तकं काढून टाकली, त्यांत ‘बाद’ असा निळा शिक्का बसलेलं हे पुस्तक नवव्या वर्षी त्यांच्या हाती आलं. लेखकाच्या नावाचं पान आधीच गेलेलं होतं. राखेचा बारीक थर बसलेल्या खिडकीत बसून त्यांनी ते किती वेळा वाचलं याची नोंद नाही, कारण तेव्हा त्यांना मोजायची सवय लागलेली नव्हती.

गोष्ट अशी. तुळी नावाची एक मुलगी कोरड्या विहिरीच्या पायऱ्या उतरत जाते आणि उतरता उतरता दुसऱ्याच देशात वर निघते. तिथे एक म्हातारी लोकांच्या सावल्या काढून घेते आणि त्यांची गोधडी शिवते, कारण तिला बारा महिने थंडी वाजते. तुळीला वाट दाखवायला एक साळिंदर भेटतं. ते कधी खोटं बोलत नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तर कधीच देत नाही. वाटेत ज्याला गरज पडेल त्याला ते आपला एकेक काटा काढून देतं; कुणाला सुई म्हणून, कुणाला लेखणी म्हणून, कुणाला दाराची खीळ म्हणून. शेवटच्या प्रकरणात अंगावर एकही काटा उरत नाही, आणि ते उघडंवाघडं साळिंदर म्हातारीच्या दारात कुडकुडत उभं राहतं. म्हातारी आधी त्याला शिव्या घालते, मग गोधडी त्याच्या अंगावर टाकते. टाकल्याबरोबर टाके उसवतात आणि सगळ्या सावल्या उडून आपापल्या घरी जातात. म्हातारीला कुणी जाळत नाही, कुणी बुडवत नाही. ती चुलीत दोन लाकडं सारते आणि साळिंदराला म्हणते, “सरक जरा.” तिथे पुस्तक संपतं.

शनिवारी पोरांना दप्तर नको, आनंद द्या, असं वरून पत्रक आलं, तेव्हा धुळ्यातल्या त्या शाळेत बाकीच्या शिक्षकांनी आनंद म्हणून कवायत घेतली. मृणालीबाईंनी सातवी ‘ब’समोर हे पुस्तक उघडलं. मुख्याध्यापक पितांबर सरांनी त्यांना बोलावून घेतलं.

“बाई, तुम्ही विज्ञानाच्या. विहिरीतून देश निघतो असं सांगणार पोरांना?”

“सांगणार नाही सर. वाचणार.”

“वाचा. पण रजिस्टरला अध्ययन निष्पत्ती लिहा, पोरं काय शिकली ते.”

बाईंनी लिहिलं : ‘विद्यार्थी पस्तीस मिनिटे ऐकतात.’

सरांनी ते वाचून पेन खाली ठेवलं. “ही निष्पत्ती नाही बाई, हा चमत्कार झाला. चमत्कार तुमच्या चर्चमध्ये चालतात, रजिस्टरमध्ये चालत नाहीत.”

शेवटी ‘श्रवणकौशल्य विकसित होते’ असं लिहिल्यावर सही झाली आणि श्रवणकौशल्य पहिल्याच शनिवारी विकसित झालं. पोरं ऐकायची म्हणजे कशी, तर मागच्या बाकावर डबा उघडल्याचा आवाज आला तरी चाळीस माना वळायच्या आणि दटावायच्या. पुस्तक हातात घ्यायचा मान दर शनिवारी एकाला मिळायचा, आणि ज्याला मिळायचा तो आधी शर्टाला हात पुसायचा.

पहिल्या बाकावर हुमा बसायची. तिचे अब्बा जब्बारभाई गाद्या-रजया भरायचे. तिसऱ्या शनिवारी तिनं हात वर केला.

“बाई, एक चूक आहे पुस्तकात.”

“कोणती?”

“सावल्यांची गोधडी गरम कशी राहील? आत कापूस कुठे आहे? नुसता कपडा कितीपण जोडा, ऊब कापसाची असते. अब्बांना विचारा.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. हवा धरून ठेवणारे तंतू आणि उष्णतेचं वहन यावर पाच मिनिटं बोलता आलं असतं, ते बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “मग?”

हुमा विचार करत उभी राहिली. “मग म्हणूनच तिची थंडी जात नाही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

मृणालीबाईंना हे कळायला नवव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत वेळ लागला होता. त्यांनी वहीत हुमाचं वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं. मारावंसं न वाटता केलेली ती त्या वर्षातली पहिली नोंद.

आता एवढ्यावर थांबल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण आनंद माणसाला गप्प बसू देत नाही. त्यांनी पुस्तक चर्चमध्ये नेलं.

चौदा वर्षं त्या शब्बाथ शाळेत शिकवत होत्या, म्हणजे रविवारी सकाळी उपासनेच्या आधी मुलांचा वर्ग घेत होत्या. त्या वर्गात पहिली दोन प्रकरणं वाचली. मुलांनी तिसरं मागितलं. गुरुवारच्या महिला मंडळात वाचलं. तिथेही बायकांनी शेंगा सोलायच्या थांबवून ऐकलं. मग कुणीतरी डोळे पुसत विचारलं, “किती छान हो मृणालीताई! पण हे बायबलात कुठे बसतं?”

“बसत नाही,” बाई म्हणाल्या. “ही विहिरीची गोष्ट आहे.”

खोली गार पडली. प्रत्येक गोष्टीला अध्याय आणि ओवी असते, अशी त्या बायकांची तीन पिढ्यांची सवय. लग्नाच्या पत्रिकेवर ओवी, नव्या फ्रिजवर ओवी, रिक्षाच्या मागच्या काचेवर ओवी. आणि हे साळिंदर बिनओवीचं, मोकाट, गुरुवारच्या सभेत येऊन बसलेलं.

शनिवारपर्यंत बातमी पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेली. पाळक रुपचंद हा गोड माणूस. त्यांना कशाचाच राग येत नसे, कारण कशातूनही त्यांना प्रवचन काढता येई. पावसातून काढत, पंक्चरमधून काढत, एकदा तर वांग्याच्या भरितातून काढलं होतं. त्यांनी रविवारी साळिंदरातून काढलं. काटे म्हणजे काट्यांचा मुकुट, विहीर म्हणजे कबर, वर येणं म्हणजे पुनरुत्थान. मंडळी खूश झाली. मृणालीबाईंनी फक्त एवढंच विचारलं, “पाळकसाहेब, पुस्तक किती वाचून झालं?”

“अहो, वाचायला कुठे वेळ? सार कळलं.”

अडचण अशी झाली, की सार झुलाल नानांनाही कळलं होतं आणि ते उलटं होतं. झुलाल नाना पारोळ्याच्या शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या पंच कमिटीतले सर्वांत ज्येष्ठ. साळिंदर जमीन उकरतं, बिळात राहतं, दुपारी तोंड दाखवत नाही आणि सरळ उत्तर देत नाही; तेव्हा ते कोण हे सांगायला शास्त्री कशाला हवा? नानांनी नाव घेतलं नाही, नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं.

एकाच चर्चमध्ये एकच साळिंदर वरचंही आणि खालचंही असणं बरं दिसेना. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी पंच कमिटी बसली.

कमिटीचे सेक्रेटरी नवलभाऊ नरडाण्याच्या एका कारखान्यात माल तपासणीचे सुपरवायझर होते. त्यांच्या हाताखालून आलेला माल कधी परत येत नाही अशी त्यांची ख्याती, आणि ही ख्याती ते स्वतःच सांगत. त्यांनी पुस्तक हातात घेऊन तोललं.

“प्रत एकच?”

“एकच,” मृणालीबाई म्हणाल्या.

“मग एकेकानं वाचायचं म्हटलं तर नाताळ उजाडेल. आपण लॉट करू. पानं एकशे शहाण्णव, आपण पंच चार. चार चोक सोळा, चार नव्वे छत्तीस... एकोणपन्नास पानं प्रत्येकी. पंधरा दिवसांत अहवाल.”

“पण पुस्तक...”

“शिवण सुटलेलीच आहे ताई. बघा, आपोआप वेगळं होतंय.”

आणि पुस्तक आपोआप वेगळं झालं. फक्त एकोणपन्नासाव्या पानाशी गाडी अडली, कारण पन्नासावं पान त्याच कागदाच्या पाठीवर निघालं. नवलभाऊंनी कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. कागदाला दोन बाजू असतात ही गोष्ट त्यांच्या कारखान्यात कधी उद्भवली नव्हती. मग पन्नास, अठ्ठेचाळीस, पन्नास, अठ्ठेचाळीस अशी तडजोड झाली, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड लागलं आणि एक छापील तक्ता मिळाला : ‘निर्धोक’, ‘दुरुस्तीयोग्य’, ‘आक्षेपार्ह’.

पहिला गठ्ठा झुलाल नानांना, दुसरा पाळकसाहेबांना, तिसरा स्वतः नवलभाऊंना, आणि शेवटचा महिलांच्या प्रतिनिधी म्हणून धुरपदाअक्कांना. अक्का मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. त्यांनी शेकडो बाळं हातावर घेतली होती. अक्षर मात्र एकही घेतलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. पण तक्त्यात ‘वाचता येते का’ असा रकाना नव्हता.

चार आंधळे आणि हत्ती ही गोष्ट कमिटीतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पण त्या गोष्टीतल्या आंधळ्यांनी निदान हत्तीचे चार तुकडे करून घरी नेले नव्हते.

“नमुना काढून तपासायचं,” मृणालीबाई हळूच म्हणाल्या, “तर मिश्रण एकजीव असावं लागतं, नवलभाऊ.”

“म्हणजे?”

सांगायला हवं होतं. आत्ताच, चौघांसमोर, पुस्तक परत मागायला हवं होतं. बाईंनी टेबलाच्या कडेवरची भेग पाहिली. साधारण अकरा सेंटिमीटर.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “बघते.”

‘बघते’ हा त्यांचा शब्द होता. चौदा वर्षांत शब्बाथ शाळेच्या सहलीला, गायनमंडळाच्या साड्यांच्या रंगाला, दोन स्थळांना आणि एका बदलीला त्यांनी याच शब्दानं उत्तर दिलं होतं. पुरेसा पुरावा हाती आल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असं त्या स्वतःला समजावत. मनातल्या मनात त्याला त्या शास्त्रीय संयम म्हणत. दुसरं कुणी असं वागलं असतं तर त्याला त्यांनी भित्रेपणा म्हटलं असतं, पण स्वतःच्या बाबतीत नमुना फारच लहान होता.

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. झुलाल नानांचा गठ्ठा आला. शेरा : ‘आक्षेपार्ह. मुलगी आईला न विचारता घराबाहेर पडते.’ पाळकसाहेबांचा आला, तोच हा एक्कावन्नाव्या पानावर खाच पडलेला. शेरा : ‘निर्धोक. अत्यंत आशीर्वादित.’ मधल्या अठ्ठेचाळीस पानांत तुळी आणि साळिंदर नुसतं चालतात, त्यामुळे पाळकसाहेबांना ते बायबलातल्या इस्राएल लोकांचं चाळीस वर्षांचं अरण्यातलं भटकणं वाटलं होतं. नवलभाऊंच्या गठ्ठ्यात म्हातारी सुई घेऊन सावल्या शिवत बसलेली, बाजूला काळं मांजर. त्यांनी तांबड्या पेनानं लिहिलं : ‘आक्षेपार्ह. जादूटोणा. पान ११२, ११५, ११९. मांजर.’

चौथ्या गठ्ठ्यापुढे लिहिलं होतं : ‘प्रलंबित.’

कमिटीनं सरासरी काढली. दोन आक्षेपार्ह, एक निर्धोक, एक प्रलंबित, एकूण दुरुस्तीयोग्य. दुरुस्ती नवलभाऊंनीच सुचवली. यंदाचं नाताळचं नाटक याच गोष्टीचं करायचं, म्हणजे मुलांची हौस फिटेल आणि मंडळींच्या मनातला किंतूही जाईल. फक्त दोन बदल. म्हातारी शेवटी आगीत भस्म होईल. आणि साळिंदराच्या जागी कोकरू.

“कोकरू?” मृणालीबाई म्हणाल्या. “कोकराला काटे कसे असतील? ते काय काढून देणार लोकांना?”

“लोकर देईल.”

“लोकरीनं दाराला खीळ घालता येत नाही.”

“ताई,” नवलभाऊ समजुतीनं म्हणाले, “मागच्या नाताळचा कोकराचा ड्रेस पेटीत पडलाय. शेपटीसकट. साळिंदराचा कुठून आणायचा?”

देवशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न पेटीतल्या ड्रेसवर सुटलेला पाहून पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. “बघा, प्रभू कशी सोय करतो,” ते म्हणाले.

मग नवलभाऊंनी घसा साफ केला. नाटकाच्या वहीवर मृणालीताईंची सही लागेल, कारण पुस्तक त्यांचं. सही झाली तर वर्ग त्यांचाच. जानेवारीपासून शब्बाथ शाळेच्या अधीक्षकही त्याच. नाही झाली तर, म्हणजे तसं होणार नाहीच, पण कमिटीच्या मनाविरुद्ध पुस्तकं वाचणाऱ्या शिक्षिकेकडे मुलं ठेवणं अवघड जाईल.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“बघते,” मृणालीबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी ते हो म्हणून धरलं.

इकडे शाळेत शनिवारमागून शनिवार जात होते. गठ्ठे परत येतील तसतसं वाचन पुढे सरकत होतं. नोव्हेंबर अखेरीला तिसरा गठ्ठा संपला. एकशे अठ्ठेचाळीसाव्या पानाच्या तळाशी साळिंदराच्या अंगावर सहा काटे उरलेले, बर्फ पडायला सुरुवात झालेली. बाईंनी पान मिटलं.

“पुढे?” चाळीस जणांनी विचारलं.

“पुढची पानं बाहेर आहेत.”

“कुणाकडे?”

“तपासणीला.”

हुमानं भुवया चढवल्या. “पुस्तकाला काय झालंय?”

“काही झालेलं नाही.”

“मग तपासतायत काय?”

याचं उत्तर बाईंना स्वतःलाच हवं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, तुम्हाला पाठ आहे ना? तोंडी सांगा!”

“पाठ आहे. पण तोंडी सांगताना शब्द बदलतील.”

“बदलू दे ना!”

“नको,” बाई म्हणाल्या. “एक बदलला की दुसरा बदलतो.” आणि बोलता बोलता थबकल्या, कारण पेटीतलं कोकरू त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. “पानं मिळतात का बघते.”

हुमा वही दप्तरात घालत, म्हणजे दप्तर नव्हतंच, पिशवीत घालत म्हणाली, “बाई, आमच्या अम्मीचं ‘बघते’ म्हणजे नाही. अब्बांचं ‘बघतो’ म्हणजे विसरा. तुमचं म्हणजे काय हो?”

तिच्या प्रश्नात तिरकसपणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. मृणालीबाईंनी फळ्याकडे पाहिलं, मोजण्यासारखं काही सापडतं का म्हणून. फळा नुकताच पुसलेला होता.

पुढच्या दिवशी, रविवारी, उपासना झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत कमिटी बसली. टेबलावर चहा, खारी, नाटकाची वही आणि वहीवर उघडं पेन. दाराबाहेर नाटकातली पोरं लोंबकळत होती. कोकराचा ड्रेस एका मुलीनं चढवूनही पाहिला होता. तो तिला गुडघ्यापर्यंतच आला, पण शेपटी जागेवर होती.

नवलभाऊंनी शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. कोकरू म्हणतं, ‘हे दुष्ट स्त्रिये, तुझी घटका भरली.’ गडगडाट. पत्र्याचा आवाज. म्हातारी भस्म. सर्व मुलं रांगेत येऊन गाणं म्हणतात, मग केक.

“फार प्रभावी,” पाळकसाहेब म्हणाले.

“आई कुठे आहे?” झुलाल नानांनी विचारलं. “पोरगी परत आल्यावर आईची माफी मागते असं पाहिजे. पहिल्या पानावरचा गुन्हा शेवटच्या पानावर फिटला पाहिजे, नाहीतर पोरी शेफारतात.”

“घालतो नाना,” नवलभाऊंनी लिहून घेतलं. “केकच्या आधी घालतो. मृणालीताई, सही.”

मृणालीबाईंनी पेन उचललं. पेन हलकं होतं. आठ ग्रॅम असावं. बाहेरची पोरं दाराशी सरकली. चौदा वर्षांतला प्रत्येक रविवार बाईंना आठवला असं नाही. आठवला तो फक्त पोरांचा तो आवाज, उपासनेआधी चपला काढतानाचा. सही केली तर तो आवाज राहणार होता. नाही केली तर पुढच्या रविवारी चपला दुसऱ्याच कुणाच्या दारात निघणार होत्या.

“जरा थांबा,” धुरपदाअक्का कोपऱ्यातून म्हणाल्या.

चार महिन्यांत कमिटीत त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. त्यांनी पिशवीतून एक गाठोडं काढलं. धुतलेल्या, मऊ पडलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शेवटची अठ्ठेचाळीस पानं बांधलेली होती. रबरबँड नव्हतं. त्यांनी गाठ सोडली. मृणालीबाईंनी कडा पाहिली. पट्टी लागली नाही, खाच नव्हतीच.

“अक्का, अहवाल राहिलाय तुमचा,” नवलभाऊ म्हणाले. “पण आता निकाल लागलाय. चालेल.”

“माले लिहता येत नही. सांगस मी.” अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या आणि त्यांनी पानांवर हात ठेवला. “मनी नात रोज वाचस. बारा खेपा व्हयन्यात. हाई म्हतारी वाईट नही शे, नवल. तिले थंडी वाजस.”

“अक्का, ती चेटकीण आहे. पान एकशे बारा...”

“ते पान मनाकडे नही. मनाकडे ती गोधडी टाकस, ते पान शे. तू वाचं का ते?”

नवलभाऊंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी नानांकडे आणि नानांनी खारीकडे.

“तुम्ही बठ्ठास्नी येक येक तुकडा वाचेल शे,” अक्का सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाल्या, “आनि बठ्ठं समजनं म्हनतस. माले ते काहीच समजनं नही. ती पोर विहिरमा कसाले उतरनी? त्या साळिंदरना काटा कोठे ग्यात? माले शेवट माहीत शे आनि सुरवात माहीत नही. चार महिना व्हयनात, मी वाट पाही राह्यनू.” त्या मृणालीबाईंकडे वळल्या. “पोरी, माले पहिलं पान पाहिजे. तू वाचशी का?”

खोलीत चहावर साय धरत होती. दारातल्या कोकरानं शेपटी मागे सारली आणि आत डोकावून विचारलं, “बाई, पुस्तकात म्हातारी जळते का?”

मृणालीबाईंच्या तोंडाशी तो शब्द आला. चौदा वर्षांत तो इतका घासून गुळगुळीत झाला होता, की जीभ आपोआप त्याच्यावर जाई. टेबलाच्या कडेवरची भेग समोरच होती. ऑगस्टपासून ती वाढली होती की काय, ते त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते नवलभाऊंच्या बाजूला ठेवलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. आवाज वर्गात बोलतात तेवढाच होता, पण दारातली सगळी पोरं ताठ झाली. “पुस्तकात म्हातारी जळत नाही. आणि मी सही करणार नाही. ना कोकरावर, ना आगीवर.”

“ताई, विचार करा,” नवलभाऊ म्हणाले. “वर्ग...”

“केलाय. चार महिने. वर्ग ज्याला द्यायचा त्याला द्या.” त्यांनी लुगड्याची गाठ पुन्हा बांधली आणि गाठोडं छातीशी धरलं. “पुस्तक आहे तसं वाचलं जाईल, एकही शब्द न बदलता. उरलेली पानं शनिवारी शाळेत. आणि आजपासून दर रविवारी चार वाजता, साक्री रोडला, माझ्या ओट्यावर. अक्का, मी रिक्षा घेऊन तुम्हाला न्यायला येते. आपण पहिल्या पानापासून सुरू करतोय.”